बाहेरगावचा तबलजी

गेल्या डिसेंबरात भोपाळला जाऊन आलो. ३ डिसेंबरला आमच्या गोव्यात सायबाच्या फेस्ताची सुट्टी असते. तिला पुढेमागे रजा जोडली आणि वास्कोला गोवा एक्सप्रेसमध्ये बसलो. योगायोग असा की त्याच तारखेला भोपाळातही सुट्टी असते, पण ती १९८४ च्या वायुदुर्घटनेच्या स्मरणार्थ. एकाच दिवशी इकडे फेरी भरते आणि तिकडे माणसे गेलेल्यांची आठवण काढतात. त्यावर कधी तरी वेगळे लिहीन.

ताईचे बिऱ्हाड कोटरा सुल्तानाबादला, नेहरूनगराच्या बाजूला. नाव ऐकून मला वाटायचे, तिथे नबाबी कमानी असतील, कारंजी असतील. प्रत्यक्षात आमच्या आल्तिनोच्या सरकारी वसाहतीची आठवण व्हावी अशी साधी नोकरदारांची वस्ती. सकाळी पोहे-जिलबी, आणि थंडी अशी की पणजीच्या माणसाने नऊ वाजेपर्यंत पांघरुणातून तोंड बाहेर काढू नये. भोपाळचे भारत भवन पाहायचे असे घरून ठरवून निघालो होतो. ते १९८२ साली उघडले, चार्ल्स कोरियांची रचना. आमची कांपालची कला अकादमीही त्यांचीच, तेव्हा थोरल्या भावाचे घर पाहून मग धाकट्याच्या घरी जावे तसे वाटत होते. पण जाणे झाले नाही. सगळे दिवस भाच्याच्या खोलीत गेले.

त्याचे कारण माझी आई. गेली दोन वर्षे ती ताईकडे असते. तिच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला आहे. समोरच्या माणसाचे कान दिसतात, खांदे दिसतात, चेहऱ्याच्या जागी मात्र धुके. जन्मभर वाचण्यात रमलेली बाई. पुस्तक समोर धरले की नेमकी जी ओळ वाचायची तीच पुसलेली! येताना तिने कपड्यांच्या ट्रंकेत घालून एकच पुस्तक आणले होते. देवलांच्या ‘संगीत शारदा’ची बाबांची प्रत. नाटक १८९९ सालचे, प्रत अर्थात पुष्कळ नंतरची, तरी कागद पिवळा होऊन पापडासारखा झालेला. आमच्या वाड्यावरच्या जत्रेच्या नाटकात बाबा कांचनभट करायचे. नाटकापुरते पोटच्या पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणारा हा माणूस घरी ताईला कडेवरून खाली ठेवत नसे.

तर सांगत होतो भाच्याचे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी पोचलो त्याच रात्री म्हणाला, “मामा, मी आजीसाठी अ‍ॅप बनवून राहिलो.” भोपाळी मराठी ती अशी. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढायचा, फोनने त्यातली अक्षरे ओळखायची आणि मोठ्याने वाचून दाखवायची. असली सोय मोठ्या कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये आयती मिळते हे त्यालाही ठाऊक होते. पण आजीला दहा बटणे नकोत, एकच मोठे हवे. आणि तिच्या कोपऱ्यातल्या खोलीत नेट लंगडते, त्यामुळे सगळे काम फोनच्या आतच झाले पाहिजे.

मी विचारले, “फोनला देवनागरी वाचायला तू शिकवलेस?”

“मी कुठे शिकवणार? बाहेरून आणले.”

या ‘बाहेरून आणले’मध्ये पुढचे चार दिवस अडकले.

अक्षरे ओळखणाऱ्याचे नाव टेसरॅक्ट. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ च्या दरम्यान ते घडले, मग अडगळीत पडले. २००५ साली कंपनीने ते सर्वांसाठी खुले केले, २००६ पासून बरीच वर्षे गूगलने त्याचा सांभाळ केला. कोणीही घ्यावे, वापरावे, फुकट. मराठी वाचायचे शिक्षण दिलेली फाईलसुद्धा त्याबरोबर मिळते. अशा आयत्या मिळणाऱ्या गोष्टीला ही मुले लायब्ररी म्हणतात. मी कला शाखेचा पदवीधर. माझ्या डोक्यात लायब्ररी म्हणजे पणजीची सेंट्रल लायब्ररी, १८३२ पासूनची. भाच्याच्या लायब्ररीत पुस्तके नसतात, कामे करणारी माणसे असतात असे म्हटले तरी चालेल.

आणि ही लायब्ररी ‘नेटिव्ह’. हा शब्द ऐकून मला हसू आले. जुन्या मराठीत नेटिव्ह म्हणजे साहेबाच्या लेखी आपण सगळे. इथे अर्थ निराळा. अँड्रॉइडची अ‍ॅपे साधारणपणे जावा किंवा कोटलिन या भाषांत लिहितात, आणि फोनमधला एक दुभाष्या ती त्या त्या फोनच्या प्रोसेसरला समजावून देतो. त्यामुळे एकच अ‍ॅप बहुतेक सगळीकडे चालते. टेसरॅक्ट मात्र सी++ मध्ये लिहिलेले. ते आधीच प्रोसेसरच्या मातृभाषेत उतरवून ठेवावे लागते. म्हणून ते नेटिव्ह. धावते झपाट्याने, पण प्रोसेसरची जात बदलली की भाषा बदलली. ३२ बिटी आर्म वेगळे, ६४ बिटी आर्म वेगळे, इंटेलच्या घराण्यातली आणखी दोन. एकाच लायब्ररीच्या चार प्रती बांधून चार कप्प्यांत ठेवायच्या. फोन आपल्या जातीचा कप्पा उघडतो. अशा बांधणीसाठी गूगल २००९ पासून एनडीके नावाची हत्यारांची पेटी देत आले आहे.

हे सगळे ऐकताना मला आमच्या जत्रेचे नाटक दिसू लागले. गोव्यातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. पात्रे गावची, पदरचे पैसे घालून नाचणारी. पण नटी बाहेरची, पेटीवाला बाहेरचा, तबलजी बाहेरचा, ड्रेपरी आणि रंगपट भाड्याचा. या सगळ्यांना एका रात्रीत एकमेकांशी जुळवून घ्यायचे असते. पेटीवाल्याला विडा दिला की तो म्हणतो, तबलजी माझाच हवा. तबलजी म्हणतो, माझा पोरगा झांजेला बसेल. इथेही तेच! टेसरॅक्टला चित्रे हाताळायला लेप्टोनिका नावाची दुसरी लायब्ररी लागते, लेप्टोनिकाला जेपेग आणि पीएनजी उघडणाऱ्या आणखी दोन, आणि पीएनजीवालीला झेडलिब. एकाला आमंत्रण, पंगतीला पाच.

पहिल्या रात्री अ‍ॅप भाच्याच्या फोनवर उघडले आणि मिटले. त्याने केबल लावून फोनची नोंदवही लॅपटॉपवर उघडली. इंग्रजी ओळींचा धबधबा. मी त्याच्या खांद्यावरून पाहत होतो. एका लाल ओळीत कसली तरी लायब्ररी ‘नॉट फाउंड’ असे लिहिलेले.

मी म्हटले, “अरे, हा तर आमच्या टेबलावरचा शेरा. ‘सहपत्र जोडलेले नाही.’”

वीस वर्षे मी दुसरे काय केले? अर्ज बरोबर, सही बरोबर, तिकीट बरोबर, आणि अर्जात लिहिलेले सहपत्र क्रमांक तीन जागेवर नाही. अशी फाईल पुढे जात नाही. इथले हरवलेले सहपत्र म्हणजे सी++ ची पायाभूत लायब्ररी. ती अँड्रॉइड अ‍ॅपसाठी आयती ठेवत नाही. ज्याने त्याने आपली शिदोरी बांधून न्यायची. भाच्याने टेसरॅक्टची बांधलेली फाईल कुठून तरी उचलून कप्प्यात ठेवली होती, तिची शिदोरी मागेच राहिली. त्याने ती आणून ठेवली. लगेच दुसरी तक्रार. वाचून दाखवणाऱ्या आवाजाची एक वेगळी लायब्ररी त्याने घेतली होती, तिने स्वतःची शिदोरी आणलेली. एकाच नावाच्या दोन फाईली, कुठली ठेवू? बांधणी तिथेच थांबली.

“पहिली ठेव आणि पुढे चल, असे सांगता येते,” भाचा म्हणाला.

“दोन्ही एकसारख्या आहेत का?”

तो गप्प. नव्हत्या. एक जुन्या हत्यारांची, एक नव्या. अशा वेळी नवी ठेवावी, कारण जुन्याला लागणारे बहुधा नव्यात असते आणि नव्याला लागणारे जुन्यात नसते. एवढे कळायला रात्रीचा दीड वाजला. पण त्याच्या फोनवर अ‍ॅप चालू झाले. वर्तमानपत्रातली एक बातमी त्याने घडाघडा वाचून दाखवली आणि आम्ही दोघे चोरासारखे हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईला सांगितले. मंडळी, ती केस विंचरून, नवे पातळ नेसून खुर्चीत येऊन बसली. मांडीवर ते पुस्तक. नाटकाला निघालेल्या बाईसारखी. भाच्याने तिच्याच फोनवर अ‍ॅप घातले, पान समोर धरले, मोठे बटण तिच्या अंगठ्याखाली दिले. तिने दाबले. पडदा उघडला... आणि पडला. पुन्हा दाबले, पुन्हा तेच.

“किदें जालें रे?”

कोणी बोलेना. तिने पुस्तक कापडात गुंडाळले आणि अगदी सहज म्हणाली, “नटी अजून येवंक ना आसतली.”

भाच्याला कोंकणी फारशी येत नाही, पण एवढे कळले. तो खोलीत गेला आणि दार लावून बसला.

झाले होते ते असे. आईचा फोन जुना, स्वस्तातला, ३२ बिटी. टेसरॅक्टच्या संचात ३२ आणि ६४ असे दोन्ही कप्पे होते. आवाजवाल्या लायब्ररीत फक्त ६४. अजिबात ३२ चा कप्पा नसता तर फोनने अ‍ॅप आत घेतलेच नसते, दारातच ‘जुळत नाही’ म्हणून परत पाठवले असते. पण एका लायब्ररीमुळे तो कप्पा दिसला, फोनने विश्वासाने दार उघडले, आणि दुसरी तिथे नव्हतीच. म्हणून उघडले आणि मिटले. अर्धवट भरलेला कप्पा हा रिकाम्या कप्प्यापेक्षा वाईट. हे मी कचेरीतल्या अनुभवावरूनही सांगतो.

मला त्या क्षणी एक जुनी जत्रा आठवली. मी पाचवीत असेन. त्या वर्षी तबलजी दुसऱ्या गावाहून आला, आदल्या रात्री कुठे तरी पुरुष गायकाला साथ करून. तबला मिळवलेला काळी एकला. आमची शारदा करणारी नटी गाणार काळी चारला. पेटीचे तसे नाही, तिच्यात सगळ्या पट्ट्या असतात. तबल्याची पुडी थोडी चढते, थोडी उतरते, पण एवढी चढवली तर फाटेल. तबला उत्तम, तबलजी उत्तम, नटीचा गळा उत्तम. फक्त ‘कुठल्या पट्टीत गाणार’ हे कोणी कोणाला विचारलेच नव्हते! मग शेजारच्या वाड्यावर सायकलने माणूस धाडला दुसरा तबला आणायला, आणि इकडे रंगमंचावर बाबा एकटे.

भाच्याला दार उघडायला लावून ही गोष्ट सांगितली. तो जरा हसला. म्हणाला, “मामा, म्हणजे तबला बदलायचा.”

पण कसा? इथे नटी-तबलजीपेक्षा कठीण एक भानगड आहे. टेसरॅक्टचे मूळ सी++ लिखाण सर्वांपुढे उघडे आहे. कप्पा नसेल तर एनडीके घ्या आणि स्वतः बांधा. आवाजवाली लायब्ररी तशी नव्हती. विद्यार्थ्यांना फुकट, पण बांधलेलीच मिळायची. मूळ लिखाण मालकाच्या कपाटात. भाच्याने त्यांना पत्र टाकले. दुसऱ्या दिवशी सभ्य उत्तर आले, ३२ बिटी बांधणी देण्याचा विचार नाही. संपले. मालकाने नाही म्हटले की आपण काहीही करू शकत नाही.

त्यावरून आम्हा मामा-भाच्यांचा थोडा वाद झाला. त्याचे म्हणणे, वेळ वाचतो, चांगला आवाज मिळतो, काय वाईट? मी म्हटले, आपल्या संहितेची प्रत जो दाखवत नाही त्याला रंगमंचावर का घ्यावे? अ‍ॅपला कॅमेऱ्याची परवानगी दिली म्हणजे अ‍ॅपबरोबर आत आलेल्या प्रत्येक लायब्ररीला ती मिळते. फोन त्यांच्यात भेद करत नाही. यावर त्याने मलाच दोन गोष्टी सांगून निरुत्तर केले. उघडे लिखाण म्हणजे निर्धोक असे काही नाही. वेबपी जातीची चित्रे उघडणारी लायब्ररी उघडीच होती. सप्टेंबर २०२३ मध्ये तिच्यात मोठे भोक सापडले, आणि ज्या ज्या अ‍ॅपने तिची आपली प्रत पोटात ठेवली होती त्या प्रत्येकाला ती बदलून नवे अ‍ॅप काढावे लागले. दुसरी गोष्ट एक्सझेडची. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधल्या इंजिनिअरला आपल्या यंत्रात लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला. खणत गेला तर या लायब्ररीत चोरदरवाजा! तो बसवणाऱ्याने दोनेक वर्षे इमाने इतबारे कामे करून आधी विश्वास कमावला होता. अर्धा सेकंद! मी मनातल्या मनात आमच्या कचेरीतल्या संगणकाला नमस्कार केला. तिथे हे कोणाच्या बापाला कळले नसते.

तरी माझे मत बदलले नाही. लिखाण उघडे होते म्हणूनच तो माणूस खणू शकला. बंद पेटीत नुसता अर्धा सेकंद राहिला असता. भाच्याने मान डोलावली, पण पटले असे दिसले नाही. असो.

शेवटी आवाजवाल्याला नारळ दिला आणि फोनमध्येच असलेल्या मराठी आवाजावर भागवले. तो आवाज थोडा सरकारी आहे, निवेदने वाचल्यासारखा, पण घरचा आहे, मागावा लागत नाही. टेसरॅक्ट आणि त्याची सगळी पिलावळ भाच्याने मूळ लिखाणापासून, एकाच हत्याराने, स्वतः बांधायला घेतली. लॅपटॉपचा पंखा रात्रभर गरगरत होता. जाता जाता आणखी एक काम त्याने उरकून घेतले. नव्या फोनांत स्मरणाची पाने चार किलोबाइटऐवजी सोळाची येऊ लागली आहेत, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून गूगलच्या दुकानात अँड्रॉइड १५ किंवा पुढच्यासाठी अ‍ॅप ठेवायचे तर आतल्या नेटिव्ह लायब्रऱ्या त्या मापाच्या बांधलेल्या लागतात. स्वतः बांधायची असली की हे काम बांधताना एक ओळ वाढवण्याचे. बांधलेली आणली असेल तर पुन्हा मालकाची मर्जी. (१ नोव्हेंबर हा मध्य प्रदेशाचा स्थापनादिन, १९५६ चा. ताईच्या शेजाऱ्यांनी सांगितले, चार राज्यांचे तुकडे जोडून हे राज्य झाले. त्या जोडणीच्या फायली कोणी केल्या असतील त्या कारकुनांना मी ओळखत नाही, पण माझा दंडवत.)

परतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आई पुन्हा बसली. या खेपेला केस विंचरले नव्हते, पातळही नेहमीचेच. बटण दाबले. पडदा उघडला, उघडाच राहिला. थोडा वेळ काहीच नाही, मग तो सरकारी आवाज सुरू झाला.

अक्षरओळख काही शंभर टक्के नव्हती. जुना खिळा, पुसट शाई. ‘ख’ला यंत्र ‘रव’ म्हणायचे, ‘घ’चा ‘ध’ करायचे. प्रत्येक चुकीला आई शाळामास्तरासारखी दुरुस्ती करी, “रवरें न्हय रे, खरें!” आणि आवाज तिचे न ऐकता पुढे जाई. नाटक तिला पाठच होते, ते मला तेव्हा कळले. पाठ असलेलेच तिला ऐकायचे होते.

कांचनभटाच्या एका प्रवेशाशी यंत्र अडखळले. छापील ओळ संपली आणि काही तरी भलतेच वाचू लागले, नुसती अक्षरे, शब्द म्हणून एकही धड नाही. भाचा धावत आला. त्याला वाटले पुन्हा काही तुटले. मी पान पाहिले. समासात बाबांच्या पेन्सिलीने तिरके काही लिहिलेले होते. यंत्र छापलेले वाचायला शिकलेले, हाताचे अक्षर त्याला काय कळणार? मलाही चष्मा काढून, दिव्यापाशी नेऊन दोन शब्द लागले, पुढचे लागेनात.

आई खुर्चीतूनच म्हणाली, “हें हांव सांगतां. ‘तबला येईपर्यंत बोलत राहाणे.’ पुढें काड.”

भाच्याने पान उलटले.